गोपनीय प्रश्न आणि दोन जावा

कायद्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. एका झाकणापायी मी मिक्सरच्या कंपनीला ग्राहक मंचात खेचलं होतं आणि झाकण मिळवलं होतं. तोवर मिक्सर जळून गेला होता, हा भाग वेगळा. तत्त्वाचा प्रश्न होता! ते झाकण आजही आमच्या ओट्यावर असतं. बायको त्यात भांड्यांची घासणी ठेवते.

त्यामुळे आमची पुंजी सांभाळणाऱ्या गुंतवणूक कंपनीचा तो मेसेज आला तेव्हा मला, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. मेसेज मोठा सभ्य होता. ग्राहकांच्या माहितीची सुरक्षा हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे, असं पहिल्या ओळीत होतं. ती माहिती चोरीला गेली आहे, असं शेवटच्या ओळीत होतं. मधल्या सगळ्या ओळींत कंपनीला मिळालेले पुरस्कार होते.

"आता बघच," मी बायकोला म्हणालो, "यांना कोर्टात उभं करतो की नाही."

"आपले पैसे गेले का?" ती म्हणाली.

"पैसे नाही गेले. माहिती गेली. नाव, पत्ता, जन्मतारीख, गोपनीय प्रश्नाचं उत्तर, सगळं."

"पैसे आहेत ना? मग झालं." असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

सामान्य माणसं अशीच नाडली जातात. मी तिच्या मागोमाग गॅलरीत गेलो आणि तिला तिचे हक्क समजावून सांगितले. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. दाद लागली नाही तर कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जायचं. तिथेही कोणी विचारलं नाही तर ग्राहक मंच आहेच, किंवा मग फसलेल्या सगळ्या ग्राहकांनी मिळून एकच दावा ठोकायचा. शिवाय भरपाई काही नुसत्या पैशांच्या नुकसानीची नसते, मनस्तापाचीही मिळते. यावर बायकोने माझ्या हातात चिमट्यांची टोपली दिली आणि विचारलं, की मनस्ताप झालेला माणूस सकाळपासून शीळ कशी घालतोय?

मनस्ताप दुसऱ्या दिवशी आला. घरपोच.

कंपनीचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर दाढी करत होतो. खातं आम्हा दोघांच्या नावावर आहे, म्हणून फोन बायकोने घेतला आणि हात ओले होते म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी भारी गोड बोलत होती. नुकत्याच घडलेल्या प्रकारामुळे सगळ्या ग्राहकांची खात्री करून घेत आहोत, म्हणाली. चोरांनी उत्तरं पळवली होती, तीच उत्तरं ही आमच्याकडून तपासून घेणार होती. एवढी हुशारी दाखवल्याशिवाय पुरस्कार मिळत नाहीत.

"खातं उघडताना मुख्य खातेदारांनी निवडलेला प्रश्न आहे, मॅडम. कोणाच्या हातचं जेवण तुम्हाला सगळ्यांत जास्त आवडतं?"

बायको लाजली. अगदी खरोखर लाजली, मी आरशात पाहिलं. "बायकोच्या," ती म्हणाली.

"सॉरी मॅडम, उत्तर चुकलं. आणखी दोन संधी आहेत."

माझा ब्रश गालावर थांबला.

"मग त्यांच्या आईच्या असेल." आवाज जरा खाली आला होता. पण सासूपर्यंत माघार घ्यायची तिची तयारी होती, हा तिचा मोठेपणा.

"सॉरी मॅडम. आता शेवटची संधी. चुकलं तर खातं गोठवावं लागेल."

बायकोने फोन माझ्यापुढे धरला. पुढच्याच आठवड्यात आमच्या मुलीच्या कॉलेजची फी त्या खात्यातून जायची होती. मी फोनवरच्या मुलीला विचारून पाहिलं, की प्रश्न बदलता येईल का. नाही, म्हणाली. उत्तर लेखी पाठवलं तर? तेही चालणार नव्हतं.

"वहिनी," मी फेसातून पुटपुटलो.

"जरा मोठ्याने, सर."

"वहिनी!"

"धन्यवाद सर, उत्तर अगदी बरोबर आहे. आपला दिवस छान जावो."

गंमत बघा. ते उत्तर कंपनीला ठाऊक होतं, चोरांना ठाऊक होतं, चोरांनी ज्यांना विकलं असेल त्यांनाही ठाऊक होतं. अख्ख्या जगात ते फक्त माझ्या बायकोपासून गोपनीय राहिलं होतं. तेवढी कसर कंपनीने फोन करून भरून काढली.

आता त्या उत्तराची हकिगत सांगतो. ते खातं मी माझ्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या घरी उघडलं. एजंट त्याच्या ओळखीचा. जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरलेला, आणि माझ्या खांद्यामागे वहिनी हातात डाव घेऊन उभी. एजंटने तो प्रश्न मोठ्याने वाचला. वहिनी वाढायची थांबली. तुम्ही काय लिहिलं असतं?

हेच मी बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

भांडली असती तर निभावलं असतं. पण तिने थेट आपल्या जाऊबाईंना फोन लावला. यांना तुमच्याच हातचं आवडतं, कंपनीच्या दफ्तरी तशी नोंद आहे, तेव्हा उद्यापासून यांचं दोन्ही वेळचं तुमच्याकडून येऊ द्या, असं सांगून मोकळी झाली. वहिनीला तर आभाळ ठेंगणं झालं. "भावोजी, इतकी वर्षं मनात ठेवलंत!" असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी भाजी कोणती हवी तेही विचारून घेतलं.

वहिनी मनाने सोनं आहे. पण ती भाजीत मीठ एकदा घालते आणि मग घातलंय हे विसरून पुन्हा घालते. मी ऑफिसात दुपारभर पाणी पीत बसायचो. चौथ्या खेपेला साहेबांनी माझं टेबलच पाण्याच्या पिंपाजवळ हलवलं. घरी बायको आणि मुलगी समोर बसून बायकोच्या हातची बटाट्याची भाजी खायच्या, आणि मी वहिनीचा डबा उघडायचो. मुलीने एकदा दोन फोडी माझ्या ताटात सरकवल्या, तर बायकोने चमच्याने त्या परत नेल्या.

एके दिवशी जेवताना बायकोने वर न बघता विचारलं, "माझ्या हातचं नेमकं कधीपासून आवडत नाही तुम्हाला?" मी हातातला घास खाली ठेवला. त्या वेळी दोष मिठाचा नव्हता. मला फार वाईट वाटलं. या बाईने ताप अंगावर काढून माझे डबे भरले होते, आणि मी तिला त्या फॉर्मवर एक ओळ देऊ शकलो नव्हतो.

मग मी ठरवलं, दावा ठोकायचाच. भरपाई मिळवायची, त्यातून तिच्या मनासारखं काहीतरी आणायचं आणि प्रकरण मिटवायचं. बायको लगेच तयार झाली. "तिथे शपथेवर बोलावं लागतं ना?" एवढंच तिने विचारलं. मी बेसावधपणे हो म्हणालो. दादा आणि वहिनीचं खातंही त्याच कंपनीत, म्हणून तेही आले. चौघांचा मिळून एकच दावा!

वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. खुर्च्यांवरच्या फायली जमिनीवर ठेवून आम्हाला बसवण्यात आलं. मी एका बाजूला वहिनी आणि दुसऱ्या बाजूला बायको अशा बेतात बसलो. मोडका हात असलेली खुर्ची दादाला मिळाली. त्याला आयुष्यात नेहमी तीच मिळते आणि तो कधी काही बोलत नाही.

वकीलबाईंनी सांगितलं, की माहिती फुटली एवढ्याने भागत नाही. त्यामुळे तुमचं काय बिघडलं, ते दाखवावं लागतं. काय बिघडलं? मी सुरू झालो. फोन, स्पीकर, डबा, पिंपाजवळचं टेबल, काही ठेवलं नाही. मिठाचा मुद्दा तेवढा गाळला. वकीलबाई भराभर लिहून घेत होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "मनस्ताप चांगला दिसतोय. फक्त एक सांगा. फुटलेली माहिती खरी होती की खोटी?"

"त्याने काय फरक पडतो?"

"खरी असेल तर दावा उभा राहतो. खोटी असेल तर कंपनी म्हणेल, यांची माहिती आमच्याकडून फुटलीच नाही, उलट यांनीच फॉर्ममध्ये खोटं लिहून दिलं. सांगा, शपथपत्रात काय घालू?"

डावीकडून बायको माझ्याकडे बघत होती, उजवीकडून वहिनी. खरी म्हणावं तर घर जाणार होतं. खोटी म्हणावं तर दावाही जाणार होता आणि वहिनीही. मिक्सरच्या खटल्यात असे पेच नव्हते.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. आणि तेव्हा दादा बोलला.

"खोटी घाला," तो म्हणाला. "ते जेवण मी रोज जेवतो. ते कोणाला सगळ्यांत जास्त आवडणं शक्यच नाही."

वहिनी सावकाश त्याच्याकडे वळली. खुर्चीचा उरलेला हातही दादाने घट्ट धरला. आणि माझी बायको, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ओठ दाबून हसली.

दावा तिथेच संपला. वकीलबाईंची फी मात्र द्यावी लागली, त्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट निघाला. माझा डबा बंद झाला. दादाचाही झाला, तो हल्ली ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवतो आणि त्याचं वजन वाढतंय.

कंपनीने मात्र सगळ्या ग्राहकांना उदार मनाने एक सेवा मोफत दिली. आपली माहिती पुन्हा चोरीला गेली, तर त्याचा मेसेज लगेच येणार! त्यासाठी फक्त गोपनीय प्रश्न नव्याने भरायचा होता. मी संगणकासमोर बसलो, तशी बायको खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.

पहिली शाळा कोणती, पहिली गाडी कोणती, असे कितीतरी निरुपद्रवी प्रश्न होते. "तोच ठेवा," ती म्हणाली. मी तोच ठेवला. उत्तरात तिचं पूर्ण नाव लिहिलं, शंका नको म्हणून माहेरचं आडनावही जोडलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आत गॅसवर बटाट्याची भाजी होत आली होती आणि या वेळी ती माझ्यासाठीही होती. मी बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी उमटली. खाली कंपनीने लिहिलं होतं, "अभिनंदन! तुमचं उत्तर अत्यंत सुरक्षित आहे. तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीलाही हे कधी सुचणार नाही."

बायकोने ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं. खांद्यावरचा हात निघून गेला. थोड्या वेळाने आत गॅस बंद केल्याचा आवाज आला.

तेव्हा मंडळी, या मनस्तापाची भरपाई कोणत्या मंचात मागायची, हे कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. मी दिवसभर ऑफिसात पिंपाजवळच असतो. येताना जमलं तर डबा आणा. मीठ बेताचं.