शेजाऱ्याची शीर

आमची ही पुन्हा नर्स होणार ती केवळ माझ्यामुळे, असं मी ऑफिसात छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. लेक लहान होती तेव्हा हिने नोकरी सोडली. आता लेक कॉलेजात जाऊन आम्हालाच अक्कल शिकवायला लागली, तेव्हा ही म्हणाली, "मी परत वॉर्डात जाते." पण एवढ्या वर्षांत रजिस्ट्रेशन कधीच बंद पडलेलं! आधी उजळणीचा कोर्स, मग रक्त काढायची प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात नापास झाली, तर कोर्स पहिल्यापासून! परीक्षा जवळ आली तशी हिची भूकच उडाली.

"घाबरतेस कशाला? सरावाला मी आहे ना!" असं म्हणून मी बाही वर सारली आणि सोफ्यावर आडवा झालो.

हिने दंडाला रबरी पट्टा आवळला. कोपराच्या खळीत बोटांनी चाचपलं. मग दुसरा हात. मग पुन्हा पहिला.

"अहो, तुम्हाला शिरा आहेत ना नक्की?"

"म्हणजे काय! पिढीजात आहेत!"

"मग गेल्या कुठे?"

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले कोच पेपर परत द्यायला आले. आयुष्यभर लोकांना पोहायला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या अर्ध्या बाहीतले हात बघून हिचे डोळे असे काही चमकले, की मला पसंत करतानाही तसे चमकले नव्हते!

"अगंबाई! काय शिरा आहेत हो तुमच्या!"

"पोहण्यामुळे असेल," कोच लाजले. लाजण्यासारखं काय होतं त्यात?

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. "डोळे मिटून हात लावला तरी सापडते गं!" ही फोनवर बहिणीला सांगायची. मला हेवा वाटला. आता आडपडदा कशाला, चांगला जळफळाट झाला! माणसं शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, पगारावर जळतात. मी कोपराच्या खळीवर जळत होतो! गुपचूप रबरी चेंडू दाबून पाहिला. बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायलो. शीर काही वर आली नाही. साहेबांनी मात्र विचारलं, "सारखे जागेवरून उठून जाता कुठे हो तुम्ही?"

परीक्षेला येताना रक्त द्यायला तयार असलेला एक माणूस आणायचा होता. मी मान ताठ करून वाट बघत बसलो. हिने नाव दिलं कोचांचं! मला काय, तर गाडी चालवायची. ही मागे कोचांशेजारी बसली आणि स्वतःची शाल त्यांच्या हातांवर पसरली. "हात गरम ठेवा हं, म्हणजे शीर छान फुगते!" मी आरशात बघत होतो, त्यामुळे रस्त्यातला एकही खड्डा चुकला नाही.

सेंटरवर हिला आत घेतलं. कोच बाथरूमला गेले, आणि नेमकी तेव्हाच मदतनीस बाई मनगटाला बांधायची नावाची पट्टी घेऊन बाहेर आली. तिने कोचांचं नाव पुकारलं.

"मीच तो!" मी म्हणालो.

असं का केलंत, म्हणाल. अहो, चार लोकांसमोर हिने एकदा माझी शीर शोधावी, एवढीच इच्छा होती!

मी पलंगावर पडलो. शेजारी जाड चष्म्याच्या परीक्षक मॅडम उभ्या. पडदा सारून ही आली आणि मला बघून पांढरीफटक पडली. पण चटकन सावरली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

नियमच आहे तो. नाव आणि जन्मतारीख पेशंटने स्वतः सांगायची, नर्सने पट्टीशी ताडून बघायची, मगच सुई. मी पट्टीकडे डोळा ठेवून कोचांचं नाव सांगितलं.

"जन्मतारीख?"

तीही वाचली. एका दमात सासऱ्यांच्या वयाचा झालो! सगळं बरोबर जुळलं. मॅडमनी मान डोलावली. हिने मात्र सुईचा ट्रे खाली ठेवला.

"मॅडम, मी यांचं रक्त काढणार नाही."

बाईची सगळी मेहनत माझ्यापायी पाण्यात!

"का? जुळतंय की सगळं!"

"पट्टी दुसऱ्याची आहे. पेशंट खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"माझा नवरा आहे तो!"

मला पलंगावरून उतरवण्यात आलं. कोच आले, पट्टी त्यांच्या मनगटावर गेली, ते पडले, आणि हिने पहिल्याच टोचणीत नळी भरली. लालभडक! ते मी भिंतीशी उभं राहून पाहिलं, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होतो. मॅडमनी माझे पाय वर धरले होते आणि कोच पट्टी बांधलेल्या हाताने मला वारा घालत होते. आणि ही? ही नळीवर लेबल चिकटवत होती! ते चिकटवून झालं, मग माझ्याकडे वळली.

ही पास झाली. नुसती पास नाही, पहिली! चुकीचा पेशंट ओळखणं हीच खरी परीक्षा, असं मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. म्हणजे बघा, झालं ना माझ्यामुळेच?

परवा मॅडमचा मला फोन आला. कोच घरात बसलेले होते, म्हणून मी मुद्दाम स्पीकर लावला.

"पुढच्या बॅचला पेशंट म्हणून याल का?"

"अहो, आनंदाने! माझ्या शिरा..."

"छे छे, सुई लावायचीच नाही तुम्हाला! खोटं नाव सांगून नुसतं पडून राहायचं. चुकीचा पेशंट म्हणून तुमच्याइतका योग्य माणूस सापडणार नाही. तुम्हाला उतरवलं की कोच आहेतच."

मी लगेच हो म्हणालो. काही म्हणा, कोचांच्या आधी माझा नंबर आहे!