आप्पांच्या आखाजीची घागर

घागर मी स्वतः घडवायची ठरवली. एरवी मी तसा निरुपद्रवी माणूस आहे.

त्याचं असं झालं, माझे वडील, आप्पा, गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, नि आंबे ठेवतात, आणि तो येऊन पाणी पिऊन जातो. आप्पा हयातभर म्हणायचे, "लीलाधरना हात फक्त शिक्का माराले शेतस." (यात खोटं काही नव्हतं. जळगावच्या ऑफिसात मी शिक्केच मारत असे.) मला वाटलं, यंदा आप्पांनी माझ्या हातच्या घागरीतलं पाणी प्यावं आणि एकदा तरी "वा" म्हणावं.

माती विकतची नको होती. नरडाण्याजवळ आमच्या गावच्या नाल्याला चिकणमातीची दरड आहे. लहानपणी तिथल्या मातीचे मी बैल करायचो. तीच गोणीभर खणली आणि पॅसेंजरनं पिंप्राळ्याच्या घरी निघालो. वाटेत टीसीनं गोणी दाबून पाहिली.

"काय आहे?"

"माती."

"आणि मातीखाली?"

"मातीच."

"बरे आहात ना?" म्हणून तो पुढे गेला.

पण घडवतानाचे ते दिवस! चाक नव्हतंच. मातीच्या वळ्या करायच्या आणि एकीवर एक रचत जायच्या. बोटांखाली ती गार माती हळूहळू गोल होत जायची, नाल्याचा वास यायचा, आणि मी आठ वर्षांचा होऊन काठावर बसायचो. पलीकडे आप्पा बैल धूत असायचे. ऑफिसातही शिक्का उचलला की मी हवेत घागरीचा गळा फिरवत राही. साहेब खोकायचे, तेही मला नाल्यापलीकडून ऐकू यायचं. मी फार सुखात होतो.

घागर सुकली तेव्हा पिंप्राळ्याचे कुंभार वना आबा बघायला आले. "भाऊ, मनी भट्टीमा ठेवा."

"नाही आबा, सगळं मीच करणार."

"मंग दिनभर भाजा. घाई करू नका."

अंगणात गोवऱ्या रचून पेटवल्या. तासाभरात बायको बाहेर आली. "अहो, गच्चीवर माझ्या कुरडया वाळताहेत! धुरानं पार काळ्या पडल्या!" लताचा आवाज तापला की गोवऱ्यांची गरज उरत नाही. त्यात साडेदहाचं ऑफिस. मी विस्तव बाजूला सारून घागर काढली. रंग धड काळा नव्हता, धड लाल नव्हता. मग तिला सगळीकडून गेरू फासला. (हे लताला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो.)

आखाजीला आईनं मूठभर गव्हांवर घागर मांडली, लतानं पाणी भरलं. काय दिसत होती! मी हात जोडून डोळे मिटले. आप्पा आले, ओंजळ पुढे केली, प्यायले, आता "वा" म्हणणार, इतक्यात माझ्या पायांना गार लागलं.

घागर खाली बसत होती. आवाज नाही, काही नाही, दमलेलं माणूस बसतं तशी. डांगर गडगडत कोपऱ्यात गेलं आणि घरभर लाल पाणी झालं.

माझे डोळे भरून आले. "आई, आप्पा तहानलेलेच राहिले गं."

पाणी वाहत आप्पांच्या रिकाम्या बाजेखाली गेलं होतं. आई तिकडे बघत राहिली, आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "पोचनं ना त्यासले पानी. पाय बी धुवाई गयात."

मग ती आत गेली आणि एक नवीकोरी घागर घेऊन आली.

"ही कुठली?"

"वना आबाले आठ दिन पहिलेच सांगी ठेवेल व्हती."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"व्हता ना! म्हनीसन तं सांगी ठेवेल व्हती."

दुपारी वना आबा जेवायला आले. कोपऱ्यातला चिखलाचा गोळा उचलून त्यांनी बराच वेळ बोटांत चोळला, वास घेतला. मी श्वास रोखून उभा.

"भाऊ," ते म्हणाले, "माती एक नंबर शे. मातीना काहीच दोष नही."