भिंतीवरचे पाच सफारी

लोखंडी कपाटाचं दार वच्छलाबाईंनी गुडघा लावून बंद केलं आणि त्या वळल्या, तोच ते आपोआप उघडलं. काकासाहेब नेमके मोजे शोधायला खाली वाकले होते. दाराची मूठ त्यांच्या कपाळावर बसली आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता मारायला बी लागलं. आज हे कपाट रिकामं करायचं म्हंजे करायचं."

आपल्या साड्या त्यांनी तासाभरात निवडल्या आणि दोन गाठोडी बाजूला काढली. खरी अडचण होती काकासाहेबांच्या सफारींची. काकासाहेब वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायला होते. सुपरवायझर झाले त्या वर्षी त्यांनी एकाच ताग्यातून पाच सफारी शिवून घेतले होते. चॉकलेटी रंग, बारीक पांढरी रेघ. पुढं निवृत्तीपर्यंत बजाजनगर वसाहतीनं त्यांना दुसऱ्या कपड्यात पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर पोट पुढं आलं, बटणं लागेनाशी झाली, पण पाची सफारी इस्त्री होऊन कपाटात लटकतच राहिले.

काकासाहेबांनी एकेक सफारी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"एकात बी खोट नाय. शिवण बघ. टाका उसवलेला नाय."

"कपड्यात खोट नाय, मापात हाय."

"मी बारीक होणार हाय."

"दोन वर्षं झाली होताय. जलमभर दुसऱ्याचा माल रिजेक्ट केला, आता एकदा घरचा करा."

वसाहतीतल्या मैदानाच्या कडेला एका भिंतीवर कुणीतरी खुंट्या ठोकून लिहिलं होतं, 'नको असेल ते ठेवा, लागेल ते न्या'. संध्याकाळी काकासाहेब स्वतः तिथं गेले. पाची सफारी ओळीनं अडकवले, कॉलर नीट केल्या, बटणं लावली. दहा पावलं गेल्यावर मागं वळून पाहिलं तर आपणच पाच वेळा भिंतीला टांगलेलो आहोत असं त्यांना वाटलं. ते भरभर घरी आले. दुसऱ्या दिवशी भिंत रिकामी होती.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका सकाळी शेजारच्या सरूबाई अंगणात आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"काकासाहेब, देव तुमचं भलं करो. कालचं दळण तुम्ही चक्कीपासून दारापोतर आणून दिलं. मी सुनेला म्हणलं, माणूस बोलायला खारट, पण आतून गोड."

"मी नव्हतो," काकासाहेब म्हणाले.

"बघा! केलेलं बोलून बी दाखवत नाय." सरूबाई कौतुकानं निघून गेल्या.

दोन दिवसांनी वच्छलाबाई भाजी घेऊन आल्या त्या पिशवी आपटतच.

"शुगर किती हाय तुमची?"

"कामून?"

"सोसायटीतल्या आशाबाईनं तुम्हाला चौकातल्या गाड्यावर जिलबी खाताना पाहिलं. उभं राहून. चार माणसांत हसत."

"मी? हसत?"

वच्छलाबाई जरा थबकल्या. जिलबीबद्दल त्यांना खात्री होती, पण हसण्यावर त्यांचाही विश्वास बसेना. तरी त्या दिवसापासून त्यांनी काकासाहेबांच्या चहातला उरलासुरला साखरेचा चमचा बंद केला. काकासाहेब फिका चहा पीत, न खाल्लेल्या जिलबीचा विचार करत बसू लागले.

मग जे झालं त्यानं मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. रविवारी सकाळी दारात बद्रीनाथ उभे राहिले. बद्रीनाथ मागच्या गल्लीत राहत. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या शेवग्याची फांदी काकासाहेबांच्या भिंतीवर आली म्हणून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. फांदी त्याच वर्षी वाऱ्यानं मोडली. अबोला तेवढा राहिला. आज त्यांच्या हातात खुलताबादच्या डोंगरातल्या सीताफळांची पिशवी होती.

"काल तुम्ही मैदानाच्या त्या टोकाहून मला हात केला," बद्रीनाथ उंबऱ्यातूनच म्हणाले. "आधी वाटलं, दुसऱ्या कुणाला केला. मागं पाहिलं, मागं कुणीच नव्हतं. मग रात्रभर म्हणलं, बद्रीनाथ, एवढा हट्टी माणूस हात वर करतो, अन् तू? मी चुकलो, काकासाहेब."

काकासाहेबांनी तोंड उघडलं. 'मी नव्हतो' हे दोन शब्द जिभेवर आले होते. पण बद्रीनाथांचे डोळे भरलेले होते आणि वच्छलाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या होत्या.

"बसा," काकासाहेब म्हणाले.

बद्रीनाथ दोन तास बसले. बारा वर्षांचं साठलेलं सगळं बोलून गेले. जाताना मिठी मारली. रात्री वच्छलाबाईंनी स्वतःहून चहात अर्धा चमचा साखर घातली आणि म्हणाल्या, "जिलबीचं मी विसरले बघा." काकासाहेबांना तो चहा गोड लागला नाही. आयुष्यात त्यांनी कुणाचा खराब माल चांगला म्हणून पुढं सोडला नव्हता, आणि आता दुसऱ्यानंच कमावलेला चांगुलपणा ते स्वतःच्या नावावर खात होते.

सोमवारी संध्याकाळी ते मैदानावर गेले. तो दिसायला वेळ लागला नाही. बाकावर, पाठमोरा, चॉकलेटी सफारी, डोक्याला कानटोपी. अंगानं बारीक होता, काकासाहेब पंधरा वर्षांपूर्वी होते तसा. आपल्याला आपण मागून कसे दिसत होतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

काय बोलायचं ते त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. कपडे घाल, पण इथं घालू नको.

"नाव काय तुझं?"

तो माणूस उठून उभा राहिला. "सांडू. सोयगावकडचा हाय. हितं रोपवाटिकेत राखणीला हाय." त्यानं एकदा काकासाहेबांच्या चेहऱ्याकडं, एकदा स्वतःच्या बाहीकडं पाहिलं. "साहेब, हे पाची कपडे तुमचे व्हय?"

"होते."

"मंग तुमालाच इचारतो," सांडू बाकावर जागा करून देत म्हणाला. "ह्या कपड्यात काय हाय?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिशी घालून आलो, तर मैदानातली समदी लेकरं खेळ सोडून पळाली. म्हणलं, माझ्या तोंडाला काय झालं? टपरीवर गेलो, तर बसलेली माणसं उठली. एक बाई अंगणात पाणी मारत व्हती, तिनं लांबूनच बघितलं अन् नळ बंद करून घरात गेली. बायकोला म्हणलं, ह्या कपड्याला कुणाचा तरी तळतळाट हाय. ती म्हणली, धुऊन बघा. दोनदा धुतले, साहेब. मिठाच्या पाण्यात बी बुडवले. तरी तेच."

काकासाहेब बाकावर बसले. मैदानातला आवाज आज त्यांना वेगळा वाटत होता. पोरं ओरडत होती, भांडत होती. गेली वीस वर्षं हे मैदान फार शांत आहे असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत आले होते.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? कपडे चांगले हायेत, टाकवंना. म्हणलं, मेंढरू बी नव्या माणसाला बुजतं, चार दिस हाताळलं की येतंय. मंग ज्याला त्याला हात करायचो. म्हातारीचं दळण उचललं. जिलबीवाल्याला हसवलं. पंधरा दिस लागले, पण आता लई बेस चाललंय." मग त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं. "परत पायजेत का तुमाला?"

"नको," काकासाहेब म्हणाले. घरून आणलेलं वाक्य त्यांना आठवत होतं, पण ते काढायची लाज वाटली.

तेवढ्यात समोरून बद्रीनाथ आले. फिरायला निघालेले ते बाकासमोर थांबले. एकदा सफारीकडं पाहिलं, एकदा काकासाहेबांच्या झब्ब्याकडं. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला.

"शनिवारी मला हात कुणी केला?"

"म्या केला," सांडू आनंदानं म्हणाला.

बद्रीनाथांनी खिशातून रुमाल काढला, उगाच चष्मा पुसला. "म्हणजे मी सीताफळं चुकीच्या घरी दिली."

बारा वर्षं पुन्हा सुरू व्हायला एवढं पुरेसं होतं.

"घर बरोबर होतं," काकासाहेब म्हणाले. "माणूस चुकला होता. अन् चुकला तो बारा वर्षांपूर्वीच. मी दारात सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तुम्ही उंबऱ्यातूनच परत गेला असता, म्हणून नाय सांगितलं."

बद्रीनाथ उभेच राहिले. मग त्यांनी हातानं खूण केली. "सरका जरा."

काकासाहेब सरकले. सांडूही सरकला. तिघंजण बाकावर दाटीवाटीनं बसले.

तेवढ्यात मैदानातला चेंडू गडगडत आला आणि काकासाहेबांच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलला. मैदान एकदम चिडीचूप झालं. आठेक वर्षांची एक मुलगी चेंडूमागं धावत आली होती, ती वीस पावलांवर थबकली. तिनं सफारीतल्या सांडूकडं पाहिलं, मग झब्ब्यातल्या काकासाहेबांकडं.

"काका," तिनं लांबूनच विचारलं, "तुम्ही चांगले का खरे?"

बद्रीनाथ खोकल्यासारखं करून हसले. काकासाहेबांनी प्रश्न नीट समजून घेतला.

"खरा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण चेंडू देतो."

मुलीनं मागं वळून बाकीच्या पोरांकडं पाहिलं. कुणीच काही सुचवलं नाही.

"फेका मग," ती म्हणाली. "तिथूनच."