मोजे घातलेले टोमॅटो

महाडच्या बाजारात हमखास मिळणारी जांभळी भाजी एकच, वांगं. आणि दीक्षाला वांगं नको होतं. मूळ गोष्ट एवढीच. पुढे जे काही झालं त्याला दुसरं कोणी जबाबदार आहे का, हे तिने पुष्कळ शोधून पाहिलं. (सापडलं नाही.)

तिची चार वर्षांची लेक अनुष्का ज्या शाळेत ज्युनिअर केजीला जाते, त्या शाळेच्या नावात इंटरनॅशनल आहे आणि वर्गाच्या खिडकीतून म्हशी दिसतात. या शाळेत अधूनमधून एकेक रंग साजरा करतात. त्या दिवशी मुलांनी त्या रंगाचे कपडे घालायचे, त्या रंगाचं फळ किंवा भाजी न्यायची, मिसने सगळ्यांचा फोटो काढायचा आणि आयांच्या ग्रुपवर टाकायचा. यातून मुलांना रंगांची ओळख होते म्हणे. आयांची एकमेकींशी नीट ओळख होते, हे मात्र खरं.

ऑगस्टमध्ये रेड डे झाला. दीक्षाने टोमॅटो दिला. वर्गातल्या अठ्ठावीसपैकी सत्तावीस पोरांनी टोमॅटोच आणला होता. अठ्ठाविसावी म्हणजे ग्रुपवरच्याच अनुपमाची लेक. तिने डाळिंब आणलं, तेही कमळासारखं उमलवून कापलेलं. फोटोत ती मधोमध. अनुष्काचा फक्त एक कोपर आला. तो कोपर आपल्याच लेकीचा, याची खात्री दीक्षाने फोटो मोठा करून, कोपरावरच्या डासाच्या चाव्यावरून करून घेतली. मग तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. अनुष्का मात्र डब्यातला टोमॅटो येतानाच्या रिक्षात खाऊन मोकळी झाली होती. आई कशी असावी हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे, पण शिकतंय कोण?

शाळेच्या वेळापत्रकात जानेवारीच्या शेवटी पर्पल डे होता. दीक्षाने हिशेब केला: सत्तावीस वांगी येणार. अनुपमा काहीतरी चमत्कारिक आणणार. आपण काय करायचं? आणि मोबाइलवर बोट फिरवता फिरवता तिला तो दिसला. जांभळा टोमॅटो. देखणा, चकचकीत. तिने तिथल्या तिथे बिया मागवल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दीक्षा बी.एस्सी. आहे, विषय वनस्पतिशास्त्र. (सेकंड क्लास. पण हे कंसातच राहू दे.) त्यामुळे सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिच्या आवाजात जरा प्राध्यापकी चढली.

"जांभला टोमॅटो?" ललिताबाई म्हणाल्या. "आणि लाल काय वाईट होता गो?"

ललिताबाई मूळच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. नातीच्या जन्माला दोन महिन्यांसाठी आल्या, त्याला चार वर्षं झाली. आयुष्यभर त्यांनी डोंगरउतारावर नाचणी पिकवली. पण त्यांच्याकडे डिग्री नाही, तेव्हा त्यांचं ऐकायचं कारण नव्हतं.

"आई, ही स्पेशल जात आहे. यात अँथोसायनिन असतं, जांभळं रंगद्रव्य."

"मंग बुद्धरत्नच्या कपड्यांचं पाणी घाल मुळाशी. होईल हवा तेवडा जांभला."

बुद्धरत्न म्हणजे दीक्षाचा नवरा. एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टला जातो. सोमवारी निळा येतो, गुरुवारी हिरवा. मागच्या दारची मोरी त्याच्या कपड्यांमुळे वर्षभर रंगपंचमी खेळत असते. दीक्षाने त्याच दिवशी त्याचे कपडे धुण्याची जागा पुढच्या दारी हलवली.

दहा बिया आल्या. चार उगवल्या. एक पावसाने नेली, एक गोगलगायीने, एक अनुष्काने "पाणी घालते" म्हणून बादलीने नेली. उरलेल्या एकाच रोपाला दीक्षाने जीव लावला. मागच्या परसात, कुंपणाच्या दगडी गडग्याला लागून ते वाढलं, फुललं आणि त्याला बरोब्बर अकरा फळं धरली. हिरवी, सुपारीएवढी.

आता खरी काळजी सुरू झाली. वानरं येतात. पोपट येतात. फळमाशी येते. शेजारपाजारच्या बायका येतात आणि "अगो बाई, अकरा?" म्हणतात. (दीक्षाचा दृष्ट लागण्यावर अजिबात विश्वास नाही. पण फळमाशीवर आहे, आणि उपाय एकच.) तिने बुद्धरत्नचे कंपनीचे जाड काळे मोजे काढले, सहा जोड्या, आणि एकेका फळाला एकेक मोजा चढवून दोऱ्याने बांधला. अकरा फळांना अकरा मोजे. बारावा कपाटात परत.

ललिताबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्या थांबल्याच.

"टोमॅटो हाय का बालंतीण? पायमोजे घालून बसिवलीस ती?"

"संरक्षण आहे, आई."

"फलाला ऊन लागू दे गो जरा."

"ऊन पानांना लागतं. अन्न पानं तयार करतात." दीक्षा म्हणाली. वाक्य पुस्तकातलं होतं, त्यामुळे खोटं नव्हतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात आणखी काही लिहिलेलं होतं, पण पाकीट तिने फेकून दिलं होतं. तिने त्या बियांवरचे दोनशे सहा अभिप्राय वाचले होते, पाकीट कशाला वाचायचं?

रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती मोजे मोजायची. दहा दिसायचे. अकरावा गडग्याच्या पलीकडच्या अंगाला, तो तिकडे असणारच. दुपारी अलीकडचे दहा मोज्यांवरून चाचपून पाहायची, डॉक्टर पोट चाचपतात तशी. भरत होते. मऊ पडत होते. सोडून पाहावंसं फार वाटायचं, पण एका व्हिडिओत सांगितलं होतं की जांभळ्या जातीला माणसाचा हात लागला की फळ गळतं. (तो व्हिडिओ द्राक्षांचा होता हे नंतर कळलं.)

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण पर्पल डेच्या आधी आठवडाभर ग्रुपवर अनुपमाने लिहिलं, "काय मग, सगळ्यांची वांगी ना?" आणि पुढे हसण्याचे चार चेहरे. दीक्षाचं बोट तिच्या आधी बोललं: "आमच्याकडे घरच्या बागेतले जांभळे टोमॅटो आहेत."

मिसचं उत्तर लगेच आलं. "वॉव मॅम! सगळ्या मुलांना चवीला पाठवा. आम्ही स्पेशल टेबल लावू, अनुष्काच्या नावाची पाटी लावू. फोटोत तिला मध्ये बसवू."

मध्ये! दीक्षाने तो मेसेज बुद्धरत्नला वाचून दाखवला, सासूबाईंना दाखवला, पुण्याच्या बहिणीला पाठवला. एका कोपराची भरपाई होणार होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी चारला घरातले सगळे परसात जमले. दीक्षाने कात्री घेतली. पहिला मोजा सोडला.

लाल.

असतो एखादा, ती म्हणाली. दुसरा सोडला. लाल. तिसरा, चौथा, पाचवा. लाल, टवटवीत, एकही डाग नाही, एकही किडका नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पाटीभर पडलेले असतात तसे. दहावा मोजा सोडला तेव्हा ललिताबाई फार मन लावून आभाळाकडे बघत होत्या.

"चांगलं हायत की," त्या म्हणाल्या. "सार होईल."

बुद्धरत्न नुकताच शिफ्टवरून आला होता. त्या दिवशी त्याचे दोन्ही अंगठे जांभळे होते, म्हणजे नशीबही कसं टोचतं बघा. तो हळूच म्हणाला, "आमच्याकडे व्हायोलेट आहे. एकदा बुडवलं की सात वर्षं जात नाही."

"अहो, पोरं चव घेणार आहेत! खाऊन काही झालं तर?"

"काहीही झालं तरी रंग जाणार नाही, याची गॅरंटी."

दीक्षाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला आणि गडग्याला टेकला. टेकला, आणि पलीकडे बघून चपापला. तिथे अकरावा होता. त्याच्या अंगावर मोजा नव्हता. आणि तो काळाभोर जांभळा होता, चकचकीत, मोबाइलमधल्या फोटोसारखा.

"तो सडलाय," ललिताबाई म्हणाल्या. "मी परवाच तोडून फेकनार होते."

"याचा मोजा कुठे गेला?" दीक्षाने विचारलं.

बुद्धरत्नने आपल्या पायाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"तू मोजे बांधलेस त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिली शिफ्ट होती," तो म्हणाला. "कपाटात एकच मोजा होता. एका पायात मोजा घालून कंपनीत कसं जाणार? तुला मागचा दिसत नाही खिडकीतून, म्हणून तोच काढला."

दीक्षाने हातातली कात्री पायरीवर ठेवली. तिला आता एकदम सगळं आठवलं. फळांतली रंगद्रव्यं, दहा मार्कांचा प्रश्न. 'अँथोसायनिन तयार होण्यासाठी फळावर सूर्यप्रकाश पडणे आवश्यक असते.' तिने स्वतः लिहिलं होतं हे, खाली रेघ मारून. आठ मार्क मिळाले होते. तीन आठवडे तिने पोटच्या पोरीसारखी जपलेली दहा फळं अंधारात ठेवून लाल केली, आणि एक नवऱ्याच्या बेफिकिरीने जांभळं झालं. (आई म्हणून यातून काही बोध निघत असेल, तर तो तिला त्या संध्याकाळी नको होता.)

"ऊन लागू दे म्हनलं व्हतं," ललिताबाई आभाळाला म्हणाल्या.

पण एक तर होता! एक म्हणजेही टोमॅटोच. मिसला कळवावं म्हणून तिने लिहिलं, "काही कारणाने एकच टोमॅटो", आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. अनुपमा वाचेल. त्यापेक्षा टोमॅटोच बोलेल. तो तिने कापूस घातलेल्या डब्यात ठेवला आणि अनुष्काकडून चाळीस वेळा घोकून घेतलं, "धिस इज पर्पल टोमॅटो."

सकाळी साडेदहाला मोबाइल वाजला. ग्रुपवर मिस होती. "मॅम, आम्ही टोमॅटोची वाट बघतोय. अनुष्काने वांगं आणलंय."

दीक्षाच्या हातून चहा सांडला. "मिस, तोच टोमॅटो आहे," तिने लिहिलं.

सगळ्यांनी वाचलं. आयांचा ग्रुप गप्प बसला की किती मोठा आवाज होतो, हे ज्या ग्रुपमध्ये नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. मग अनुपमा आली.

"असू दे गं. ऐनवेळी होतं असं. वांगंही हेल्दीच."

मागोमाग फोटो आला. पाटी नव्हती, पण मिसने शब्द पाळला होता: अनुष्का मधोमध, अख्खी, दोन्ही कोपरांसकट. आजूबाजूला सव्वीस वांगी, अनुपमाच्या लेकीच्या हातात जांभळ्या कोबीचा गुलाब. आणि अनुष्काच्या तळहातावर, हिरव्या देठाचं, गोल, चकचकीत... दीक्षाने फोटो मोठा केला. देवाशपथ सांगायचं तर (ती देव मानत नाही, तरी), तिलाही ते वांगंच वाटलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'सर्वात छोटं वांगं: अनुष्का'.

ललिताबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "पुडल्या वर्साला वांगी लाव गो," त्या म्हणाल्या. "लोकं टोमॅटो म्हनतील."

दुपारी अनुष्का घरी आली ती आईवर डोळे वटारूनच. "मम्मी, तू चुकलीस. मी तीनदा टोमॅटो म्हटलं. मिस म्हणाली, नो बेटा, ब्रिंजल. सगळे हसले."

आता मात्र दीक्षा पेटली. लेकीच्या डोळ्यांत आपण खोटं ठरायचं? तिने सुरी घेतली, लेकीला ओट्यावर बसवलं आणि तो टोमॅटो मधोमध चिरला. आतून लालभडक. रस, बिया, सगळं जिथल्या तिथे.

"बघ! आता सांग, काय आहे?"

अनुष्का वाकून बघत राहिली. मग तिने आईकडे पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं.

"मम्मी, तू वांग्यात टोमॅटो कसा घातलास?"

तो आदर नाकारण्याचं बळ दीक्षाच्या अंगात नव्हतं. पण जगाला पुरावा द्यायलाच हवा होता. तिने दोन्ही फोडी पांढऱ्या बशीत मांडल्या, लालभडक बाजू नीट वर करून उजेडात फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली एक शब्दही लिहिला नाही. सत्याला मथळा लागत नाही, असं तिला वाटलं.

मिसचं उत्तर मिनिटभरात आलं.

"व्हेरी नाइस, मॅम. पण रेड डे ऑगस्टमध्ये झाला."