इगतपुरीच्या पुढे

काळूरामकाका कधीही कोणाच्या पुढे चालले नाहीत. सापगावात आम्ही शेजारी; शहापूरच्या बाजाराला बरोबर निघालो तरी ते दोन पावले मागेच. एका वरातीत घोडी अडली, तेव्हा तिला मागून रेटायला गेले आणि लाथ खाऊन आले. "लोड जास्त हाय," एवढेच म्हणाले.

त्यांची सारी नोकरी कसाऱ्याला बँकरवर गेली. थळ घाटाचा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिन, म्हणजेच बँकर, लावतात. ते गाडीला रेटत इगतपुरीला पोचवते, तिथे सुटते आणि एकटेच खाली येते.

या घाटाचा इतिहास काका न विचारता सांगत. "पयले गाडी अर्ध्या घाटात थांबायची. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, मंग उलटी वर चढायची. माझा आजा तिथं सांधे बदलायला व्हता." एका दहाव्याला तर कावळा शिवेपर्यंत त्यांनी सगळ्या भाऊबंदांना अर्धा घाट चढवला होता.

"जल्म गेला यांचा लोकांना पोचवण्यात," काकू म्हणत. "सोता कुठं गेलंत कंदी?"

काकू गेल्या. नाशिकला दिलेली एकुलती एक मुलगी, सुमन, त्यांना कायमचे राहायला बोलावू लागली. पुष्कळ टाळाटाळीनंतर काका तयार झाले. कसाऱ्याला मीच त्यांना वळकटीसह गाडीत बसवले.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे.

"इगतपुरीला बँकर सुटला न् मी बी उतरलो. पायच थांबले नाय, भाऊ."

मला हसू आले. ते मी पुरते आवरले, असे म्हणवत नाही. तेवढ्यात फोन वाजला. नाशिकच्या फलाटावर दिवसभर वाट पाहून सुमन घरी परतली होती. "बाबांना माझ्याकडं यायचंच नाय, काका," ती रडत म्हणाली. मी रिसीव्हर त्यांच्या हाती दिला.

"तसं नाय गो, सुमे. लग्न करून निघालीस ती गाडी मीच रेटली. इगतपुरीला सुटलो, उतरून धावलो फलाटावर, तवर तुझा डबा गेला. तिथून पुढं तू कुठं गेलीस ते मी पायलंच नाय. तू इगतपुरीला ये. पुढचं मला येत नाय गो."

पलीकडचे मला ऐकू आले नाही. काका नुसती मान हलवत होते. रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे वळले.

"सकाळच्या गाडीनं या बोलली. ती इगतपुरीच्या फलाटावर हाय. वळकटी सोडू नका बोलली."