सासऱ्यांचा टेंपरेचर मीटर

सासऱ्यांनी जुन्या गाडीचा टेंपरेचर मीटर जावयाच्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, "नुसती किंमत काढून आणा. ही उद्या भंगारात टाकायला निघालीय." 'ही' म्हणजे सासूबाई. घर बदलायचं होतं आणि त्या दिसेल ते बाहेर काढत होत्या. गाडी केव्हाच गेली होती. तिचा एवढाच अवयव उरला होता. वाटीएवढी तबकडी, तिच्या मागे दोन हात लांब तांब्याची बारीक नळी आणि नळीच्या टोकाला इंजिनाच्या पाण्यात बुडणारं पितळी बोंडूक.

जुने सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला. "चालू असेल तर घसघशीत देईन. बंद असेल तर पेपरवेट. बोंडूक गरम पाण्यात सोडा, काटा चढतो का बघा. पण नळीला जपा. ती तुटली की खेळ खलास."

जावई कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होता. नुसतं 'चढतो का' बघणं त्याच्या रक्तात नव्हतं. रविवारी त्याने पातेल्यात पाणी तापवलं, बोंडकाशेजारी प्रयोगशाळेतला थर्मामीटर सोडला, तबकडी वरच्या फळीवर टेकवली आणि वही उघडली. चाळीसला चाळीस. साठला साठ. नव्वदला काटा बरोब्बर नव्वदवर! त्याला भरून आलं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांचं एकही काम त्याच्या हातून धड झालं नव्हतं.

"अहो, शेगडी मोकळी करा! किती वेळ?" बायको ओरडली.

त्या आनंदात त्याने पातेलं उचललं आणि वळला. बोंडूक पातेल्यात, तबकडी फळीवर. नळीने दोन हातांपर्यंत साथ दिली. मग टक्! तुटल्या नळीतून औषधासारखा वास सुटला आणि काटा खाली येऊन आडवा झाला.

"काय तुटलं हो?"

"मीच," जावई म्हणाला.

दुपारी तो नळीला डाख द्यायला बसला. डाख काही बसला नाही, पण त्या आचेने तबकडीच्या रंगाला फोड आले आणि काच तडकली. संध्याकाळी दुकानदाराने मीटरकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "आता पेपरवेटही नाही हो."

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मोडका मीटर आणि वही घेऊन तो सासऱ्यांसमोर उभा राहिला.

"बाबा, मीटर माझ्या हातून तुटला. पण तुटेपर्यंत अगदी अचूक होता. एका अंशाचा फरक नाही. ही बघा वही!" तेवढाच दिलासा त्याच्यापाशी होता.

सासऱ्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"अचूक होता?"

"हो आई, शंभर टक्के."

"त्या चढावर काटा नव्वदच्या वर गेलाय, गाडी थांबवा, म्हणून मी घसा फोडत होते. हे म्हणाले, मीटर खोटं दाखवतोय, तू गप्प बस. पुढच्याच वळणावर इंजिन जळालं! एकतीस वर्षं झाली, अजून त्या मीटरच्या नावाने खडे फोडतायत."

सासूबाईंनी मीटर उचलला, पदराने पुसला, वहीही काढून घेतली. "हा नव्या घरात बैठकीत लागेल. वहीसकट."

त्या आत गेल्या. सासरे जावयाजवळ सरकले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"जावईबापू, तोडायचाच होता, तर तपासायच्या आधी तोडायचात."