अक्षरं आत, तेल बाहेर

“त्यात काय एवढं? मी बदलतो!”

हे वाक्य मी शनिवारी दुपारी, हातात चहाचा कप असताना, अगदी सहज बोललो. माझ्या तोंडून सहज निघालेल्या वाक्यांनी आजवर माझं जेवढं नुकसान केलंय, तेवढं कुठल्या शत्रूनेही केलेलं नाही. (तसे मला शत्रू नाहीतच. रेकॉर्ड रूममध्ये बावीस वर्षं कारकुनी करणाऱ्या माणसाशी शत्रुत्व करायला कुणाला वेळ आहे?)

त्याचं असं झालं. माझी बायको जनावरांची डॉक्टर. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर आता कुठे तिला स्वतःचा दवाखाना मिळत होता, तोही डोंगरावरच्या वस्तीत. नेमणुकीच्या पत्रात एक अट होती : ‘उमेदवाराने सोमवारी सकाळी नऊ वाजता, चढावर चालणाऱ्या सुस्थितीतील स्वतःच्या वाहनासह समक्ष हजर राहावे. अन्यथा यादीतील पुढील उमेदवाराचा विचार करण्यात येईल.’ (पत्राची भाषा मला फार आवडली. बायकोला आवडली नाही.)

वाहन होतं. माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं चालवून लेकीला दिलेली, चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप दारात उभी होती. घोडं अडत होतं ते ‘सुस्थितीतील’ या शब्दापाशी. कारण जीप जिथे उभी राहील तिथे तिच्या पोटाखाली तेलाचं थारोळं साचायचं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि हात पुसत निकाल दिला. “ट्रान्स्फर केसचं मागचं ऑइल सील गेलंय.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“गिअरबॉक्सच्या मागे तो दुसरा डबा दिसतोय ना, चारी चाकांना ताकद वाटून देणारा? त्यातून दांडा बाहेर येतो, तिथे एक रबरी कडं असतं. ते तेल अडवतं. तेल संपलं की डबा जाम. चढावर तर नक्कीच.”

“मग बदला की लगेच!”

“बदलतो. उद्या-परवा गॅरेज बंद. मंगळवारी.”

“मंगळवारी!” बायको म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. तिचा पडलेला चेहरा मला बघवेना. नऊ वर्षं वाट पाहायची आणि एका रबरी कड्याने सगळ्यावर पाणी, म्हणजे तेल, फिरवायचं? म्हणून तर मी ते वाक्य बोललो.

“तुम्ही?” तिने मान वर केली. “नळाचा वॉशर बदलला होतात, तेव्हा आठवडाभर आपण शेजारून पाणी भरत होतो.”

“नळाचा इथे काय संबंध?”

“काही नाही. मी बाबांना फोन करते. ते सांगतील कसं करायचं ते.”

“मुळीच नाही!” मी कडाडलो. सासऱ्यांची निम्मी हयात याच जीपच्या पोटाखाली गेलेली. मला पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि नुसतं “मऊ आहे” एवढंच म्हणाले होते. ते मी अजून विसरलेलो नाही.

मी तडक दुकानात गेलो. दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दोन सील पुढे ठेवली.

“एकच हवंय,” मी म्हणालो.

“कोण बसवणार आहे?”

“मी स्वतः.”

“मग दोन न्या,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी सातला मी जुना पायजमा चढवून जीपखाली शिरलो. काय सांगू तुम्हाला, खालून जीप किती देखणी दिसते! इकडे नळ्या, तिकडे दांडे, मध्ये तो तेलाने माखलेला डबा! इतकी वर्षं मी नुसता वर, सीटवर बसून राहिलो याचा मला पश्चात्ताप झाला.

कामाला मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. निघालेल्या प्रत्येक नट-बोल्टला लाल फितीने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर क्रमांक घालायचा आणि त्या क्रमांकाची वहीत नोंद करायची. आठ बोल्ट काढायला वीस मिनिटं लागली आणि त्यांच्या नोंदी करायला एक तास. पण काम कसं, चोख! शेवटचा बोल्ट निघाला, मागच्या चाकांकडे जाणारा तो लांब दांडा सुटून अलगद माझ्या छातीवर आला, मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि आनंदाने ओरडलो, “अगं, निघाला! दांडा निघाला!”

आणि डोक्यावरचा डबा हळूहळू सरकायला लागला.

आधी वाटलं, आपल्याला चक्कर येतेय. मग डब्याच्या जागी गिअरबॉक्स आला, गिअरबॉक्सच्या जागी इंजिन आलं, मग पुढच्या चाकांचा आख माझ्या नाकावरून चार बोटं अंतर ठेवून गेला (आयुष्यात प्रथमच मी पोट मनापासून आत ओढलं), त्यामागून बंपर गेला आणि मग एकदम निळंभोर आकाश! रस्त्याच्या मधोमध मी उताणा पडलेला, उराशी दांडा, आणि जीपचा पत्ता नाही.

बायको धावत बाहेर आली. “अहो, गाडी कुठाय?”

“आत्ता होती,” मी म्हणालो.

तिने आधी माझ्या बरगड्या चाचपल्या, पापणी ओढून डोळा पाहिला, गुडघा वाकवून पाहिला. (जीभ बाहेर काढायला लावली नाही, एवढंच.) मग म्हणाली, “काही मोडलेलं नाही. उठा.”

नंतर कळलं ते असं, की या जीपचा हँडब्रेक चाकांना पकडतच नाही. तो पकडतो त्या दांड्याला. दांडा काढला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी मोकळी. ही गोष्ट सासऱ्यांनी लेकीला सांगितली होती, लेकीला वाटलं ती सगळ्या जगाला ठाऊक असणार. आणि आमच्या घरासमोरचा रस्ता सपाट आहे, असं मी बावीस वर्षं धरून चाललो होतो.

जीप उतारावरून मागे मागे जात, खालच्या अंगाला राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या उघड्या फाटकातून आत शिरली होती आणि वाळत घातलेल्या चादरी डोक्यावर घेऊन थांबली होती. सर व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. पेपर त्यांनी खाली ठेवला नव्हता, पण चष्मा काढला होता.

“आत येताना हॉर्न द्यायची पद्धत आहे,” ते म्हणाले.

“सर, मी गाडीत नव्हतो.”

“मग कुठे होतात?”

“गाडीखाली.”

सरांनी चष्मा पुन्हा लावला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. असं पाहायला ते चाळीस वर्षं शिकलेले होते. मग स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि आम्ही नवरा-बायकोने जीप ढकलत वर आणली. या खेपेला मी चारही चाकांना पुढून-मागून दोन-दोन विटा लावल्या. एकूण सोळा.

“आता तरी बाबांना फोन करू?” बायकोने धापा टाकत विचारलं.

“आता? आता तर अर्धं काम झालंय!”

मला खरोखरच स्फुरण चढलं होतं. दांड्याला पकडणाऱ्या त्या हँडब्रेकचा ड्रम काढला. मधला मोठा नट हलेना, तेव्हा पान्याला लोखंडी पाइप लावून लोंबकळलो. ‘कट्’ असा आवाज झाला आणि मोडलं काहीच नाही, नट सुटला होता! आणि मग अखेर समोर आलं सगळ्या गळतीचं मूळ, ते जुनं सील. कडक झालेलं, चिरलेलं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून मी ते हातात घेतलं तेव्हा फरार आरोपी पकडल्याचा आनंद झाला.

नवं सील बसवण्याआधी मात्र मी थांबलो. घाई माझ्या स्वभावात नाही. सीलची एक बाजू सपाट होती आणि तिच्यावर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला होता. दुसरी बाजू पोकळ, आत एक नाजूक स्प्रिंग. आता प्रश्न असा, की कुठली बाजू आत आणि कुठली बाहेर?

दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. पण मी बावीस वर्षं कागदपत्रं सांभाळलेला माणूस. नोंद नेहमी आत ठेवायची, पुठ्ठा बाहेर, हे माझ्या हाडीमासी खिळलेलं. नंबर बाहेर ठेवला तर त्यावर चिखल उडणार, अक्षरं पुसली जाणार आणि पुढेमागे कुणाला नंबर हवा झाला तर बोंबला! जुन्या सीलवर तर इतका मळ साचला होता, की एक अक्षर वाचता येत नव्हतं. आणखी काय पुरावा हवा?

मी अक्षरं आत ठेवली. सीलवर लाकडाचा ठोकळा धरून, हातोडीने हलके हलके ठोकत, चारी बाजूंनी सारखं बसवलं. ड्रम चढवला, नट आवळला, दांडा जोडला, एकूण एक चिठ्ठी वहीशी ताडून पाहिली. एकही बोल्ट उरला नाही! नवं तेल भरलं, विटा काढल्या. दुपारचे चार वाजले होते. मी काळाकुट्ट झालो होतो आणि इतका खूश होतो, की सरांना हाक मारून मुद्दाम बोलावून आणलं.

बायको जीप घेऊन निघाली. मी आणि सर रस्त्यात उभे. कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. तिच्या मागोमाग रस्त्यावर एक चकचकीत रेघ आली.

“रेघ सरळ आहे,” सर म्हणाले आणि घरी गेले.

पूर्वी थेंब थेंब गळायचं, आता धार लागली होती. बायकोने इंजिन बंद केलं. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहत उभा राहिलो. ती ओरडली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून हळूच म्हणाली, “राहू दे आता. तुम्ही दिवसभर राबलात. घेतील ते पुढच्या उमेदवाराला.”

ती चिडली असती तर मी चिडलो असतो आणि भागलं असतं. पण तिच्या त्या ‘राबलात’पुढे माझा हट्ट टिकला नाही. मी घरात गेलो, साबण लावून हात धुतले आणि स्वतः सासऱ्यांना फोन लावला.

सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली. मध्ये फक्त एकदा विचारलं, “विटा किती म्हणालात?” मग म्हणाले, “जावईबापू, सीलवर अक्षरं आहेत ना? ती कुठल्या बाजूला ठेवलीत?”

“आत.”

“आत म्हणजे?”

“आत म्हणजे सुरक्षित.”

पलीकडून आधी खोकल्याचा आवाज आला.

“पोकळ बाजू तेलाकडे असते हो,” मग सासरे म्हणाले. “आतलं तेल त्या रबराच्या ओठाला दाबून धरतं, म्हणून ते बाहेर येत नाही. तुम्ही तेलाला बाहेर यायचा दरवाजा करून दिलात. पोरीला फोन द्या.”

पोरीने फोन कानाला लावला, दोनदा “हं” म्हणाली, एकदा हसली (का हसली ते मला अजून सांगितलेलं नाही), आणि पदर खोचला. अडलेल्या गाईंची वासरं सोडवणारी बाई ती! तिने आधी चाकांना विटा लावल्या. नोंदवही बाजूला सारली आणि टॉर्च माझ्या हातात दिला. माझे नऊ तासांचे कष्ट तिने सव्वा तासात सोडवले, दुसरं सील अक्षरं बाहेर ठेवून बसवलं आणि अंधार पडायच्या आत बाहेर येऊन म्हणाली, “चला, एक चक्कर मारू.”

दोन चकरा मारल्या. रस्ता कोरडा. मी आनंदाने भर रस्त्यात उडी मारली.

सोमवारी मी रजा काढून तिच्याबरोबर गेलो. काय चढला तो घाट आमच्या जीपने! नऊला पाच मिनिटं असताना आम्ही दवाखान्याच्या आवारात हजर. नेमणूक करायला आलेले खात्याचे मोठे डॉक्टर कडक गृहस्थ होते. त्यांनी पत्र वाचलं, जीपभोवती फेरी मारली आणि तिच्या पोटाखाली एक वर्तमानपत्र पसरून घड्याळ पाहत उभे राहिले. पंधरा मिनिटं! बायकोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटांना मुंग्या आल्या.

पंधरा मिनिटांनी त्यांनी पेपर ओढून काढला. उलटसुलट करून पाहिला. एक डाग नाही! त्यांनी पेपराची घडी घातली आणि दवाखान्याच्या किल्ल्या बायकोच्या हातात ठेवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं.

“जुनी गाडी आणि इतकी कोरडी!” ते म्हणाले. “सीलचं काम कुणाचं?”

“ह्यांचं,” बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. केवढं हे मन! माझी छाती फुगली.

“अरे वा! आमच्या तीन जीप गळतायत. येत्या रविवारी येऊन बदलून द्याल का?”

छाती जागच्या जागी बसली. तीन जीप, तीन दांडे आणि समोर पसरलेला तो घाटाचा उतार! “साहेब,” मी म्हणालो, “खरं सांगतो, ते सगळं हिने केलं. मी नुसता टॉर्च धरला होता.”

“हरकत नाही,” मोठे डॉक्टर उदारपणे म्हणाले. “मग दोघंही या. डॉक्टरीणबाई सील बसवतील, तुम्ही टॉर्च धरा.”

“नको हो, साहेब!” बायको घाईघाईने म्हणाली. “टॉर्च धरायला तुमचाच कुणीतरी माणूस द्या. ह्यांनी तो सारखा माझ्या तोंडावर धरला होता, म्हणून ते सील मला डोळे मिटून बसवावं लागलं.”